राळेचा धूर

निवृत्तीनंतर विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये मी खेळण्यातल्या आगगाडीचा मार्ग उभारायला शिकतो आहे. काल रुळाला तार सोल्डरने डागताना त्यातली राळ वितळली आणि त्या धुराने मला पनवेलच्या जुन्या घरात नेले.

डॉक्टरांनी वडिलांची विडी बंद केली होती. तरीही रविवारी दुपारी ते मागच्या खोलीला आतून कडी लावत आणि फटीतून धुपासारखा वास येई.

"जन्मात देवाला हात न जोडणारा माणूस धूप कशाला जाळतो?" आई मला म्हणाली. "विडीचा वास झाकायला. दुसरं काय?"

तिने दार वाजवले. वडिलांनी उघडले. टेबलावर तेलाच्या डब्याच्या पत्र्याची इवलीशी आगगाडी होती. आईने तरीही त्यांची बोटे हुंगली.

"गाडी कुणासाठी?"

"याच्यासाठी," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले.

ती मला कधीच हाताळायला मिळाली नाही. ते काहीतरी लपवत आहेत, असा संशय मग मलाही येऊ लागला. लपवत होतेच. प्रौढपणी खेळावेसे वाटते हे सांगण्यापेक्षा विडीचा आळ त्यांना सोपा वाटला असावा.

काल पत्नीनेही विचारले, हे कुणासाठी?

"माझ्यासाठी," मी चाचरत म्हणालो.

तिने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले. "अहो, खरं सांगा."