उतू गेलेलं दूध
दूध करपल्याचा वास आला की मंगळवार पेठेतल्या घरातली ती सकाळ आठवते. आई जाऊन महिना झाला होता. मी घरूनच कॉम्प्युटरच्या कर्नलचं, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, काम करायचो. एक प्रोसेसर बंद केला की त्याने नंतरसाठी ठेवलेली कामं तशीच पडून राहायची, आणि सगळी दुसऱ्या एकाच प्रोसेसरवर टाकली तर तोही अडकायचा. ती कामं वाटून देणारा कोड लिहिण्यात मी गुंतलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरात म्हशीचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं. "मला वाटलं, तू बघायलाईस," वडील दारातून म्हणाले. मला वाटलं होतं, ते बघतायत. दूध कायम आईच बघायची. मग ते पातेलं खरवडत बसले. आता तेही नाहीत. दूध तापेपर्यंत मी गॅससमोरून हलत नाही.