अर्ध्यावरचा सत्कार

नव्या शालीचा वास आला की कोळवणच्या आमच्या शाळेचं ते स्नेहसंमेलन आठवतं. एकपात्री कलाकार मतं मागणाऱ्या पुढाऱ्याची नक्कल करत होता, दहावीची पोरं हसून लोळत होती आणि पहिल्या रांगेतले खरे पुढारी गप्प बसले होते. त्यांच्या कार्यकर्त्याने माझा खांदा दाबला, "हेडमास्तर, तुमी थांबवताय का आमी थांबवू?" शेवटी द्यायची शाल मी घाईघाईने मध्येच कलाकाराच्या अंगावर घातली. तो पुटपुटला, "सर, अजून अर्धं बाकी आहे." मी माईकवर म्हणालो, "हे मुलांच्या वयाला शोभत नाही." समोरून एक मुलगी ओरडली, "सर, आमाला समदं कळतंय की!" गावाने मला शिस्तीचा माणूस म्हटलं. आज लिहून ठेवतो, त्या प्रयोगात एकही वावगा शब्द नव्हता. मी घाबरलो होतो, आणि मुलांनी ते पाहिलं होतं.