तळटिपेतलं नाव

आमच्या घरात कागदाची किंमत तो किती हातांतून गेला यावर ठरायची. निजामी राजवटीत वडील कापसाच्या पोत्यातून पत्रकं न्यायचे, आणि मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवरच; पुढे मीही पत्रकं काढून बाजारात वाटू लागलो. त्यामुळे परभणीला कॉलेजात आल्यावर आमच्या रसायनशास्त्राच्या सरांचा निबंध हातात पडला तेव्हा मी चक्रावलो. कापसाच्या फुलाला पिवळा रंग कशाने येतो, यात त्यांची अकरा वर्षं गेली होती. त्यातून निघाली चार छापील पानं, तीही इंग्रजीत.

"सर, हे वाचतं कोण?"

"दुनियेत आठ-दहा जण असतील."

"आठ-दहा? आमी एका बाजाराला हजार पत्रकं वाटतो!"

"आणि वाचतात किती?"

यावर मी पत्रकांच्या महतीवर बरंच बोललो.

तेव्हा सरांची मुलाखत महिन्यावर आली होती. वरच्या जागेसाठी छापलेल्या निबंधांची यादी द्यायची होती, आणि हा निबंध यादीत पहिला होता. अशात टपालाने एक विलायती नियतकालिक आलं. पानं चाळताना एका पानाच्या तळाशी, बारीक टायपात, सरांचं नाव दिसलं. वाक्य मी पुरतं वाचलंच नाही. आपल्या माणसाचं नाव तिकडे छापलंय, एवढं मला पुरलं. तडक छापखाना गाठला. दोन दिवसांत परभणीच्या मोंढ्यापासून, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारापासून, पार देवगाव फाट्यापर्यंत भिंतीभिंतीवर माझं पत्रक लागलं: 'परभणीच्या संशोधकाचा जगात डंका!'

मोंढ्यातल्या एका आडत्याने सरांना रस्त्यातच गाठलं. "सर, नाव लय गाजायलंय तुमचं. आता कापसाचा भाव चढंल का?"

"भावाचं न्हाई हो, रंगाचं काम हाय ते."

"मग रंगाला काय भाव?"

संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावून ती तळटीप मराठीत सांगितली. या लेखकाने जो एक पदार्थ म्हणून सांगितला आहे, तो आम्हाला दोन पदार्थांचं मिश्रण वाटतो, असं तिथे लिहिलं होतं.

माझं डोकं भडकलं. "हा अपमान आहे! आपण मागास मुलखातले, म्हणून ही हिंमत. मी उत्तर लिहितो."

"थांब. आधी तजुर्बा परत करून पाहू." सर हैदराबादेत उर्दूतून शिकलेले, प्रयोगाला ते तजुर्बाच म्हणत.

बारा दिवस त्यांनी तो केला. टिपकागदासारख्या कागदाच्या पट्टीवर रंगाचा थेंब ठेवायचा, पट्टीचं टोक द्रवात बुडवायचं. द्रव वर चढताना मिसळलेले पदार्थ वेगळे होतात. शेवटच्या पट्टीवर दोन पिवळे डाग पडले. मलाही दिसले इतके स्वच्छ.

सरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, पट्टी उजेडात धरली. "अकरा वर्षांत दोन डाग! माझ्याकडं धुवायला टाका, एक तरी निघंल."

सर खळखळून हसले. मला हसता आलं नाही, कारण लगेच ते त्या नियतकालिकाला पत्र लिहायला बसले: मी चुकलो होतो.

आणि माझ्याच तोंडून निघालं, "सर, मुलाखत होऊ द्या, मग पाठवा. इथं कुणाला कळायलंय?"

सरांनी टाक खाली ठेवला. "तू म्हणतोस हे?" मग म्हणाले, "ते आठ-दहा जण माझ्या निबंधावर पुढचं काम करायलेत. त्यांना पंधरा दिवस आणखी चुकीच्या वाटेनं चालवू?"

त्यांनी पत्र तर पाठवलंच, वर त्याची नक्कल मुलाखतीच्या यादीला जोडली. जागा दुसऱ्याला मिळाली. पत्रामुळे की आणखी कशामुळे, हे कोणी सांगितलं नाही.

मध्यंतरी दुसऱ्या एका देशातला निबंध आला. त्यात सरांची चूक होती, सरांची दुरुस्ती होती आणि तिथूनच पुढे नेलेलं काम होतं. सरांनी तो मला असा दाखवला, जणू घरी पाहुणा आलाय.

"सर, म्हणजे आपण जिंकलो की हरलो?"

"काम पुढं गेलं," ते म्हणाले आणि चहा ओतू लागले.

मला राग आलाय एवढं मला कळतं. पण तो कोणावर काढू? मुलाखत घेणाऱ्यांनी अन्याय केला, याचा पुरावा माझ्याकडे नाही. तो विलायती माणूस तर खराच निघाला. सरांच्या बाजूने लिहावं, तर सर स्वतःला हरलेले मानतच नाहीत. आणि गप्प राहा असा सल्ला त्या दिवशी दिला होता तो एकट्या मीच.