कडी कोणी लावली

चाळीस वर्षं तिने नाटकाच्या पडद्यामागे पत्रा हलवून विजा कडाडवल्या आणि करवंट्यांवर घोडे दौडवले. मंडळी तिला खडखडबाई म्हणत, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. प्रेक्षकांनी तिचं तोंड कधी पाहिलं नाही, पण दचकले ते तिच्यामुळेच. आता बासष्टाव्या वर्षी ती भाचीच्या गेमसाठी आवाज काढत होती.

गेम भुताचा. एक मुलगी जुन्या घरात शिरते, कोडी सोडवत एकेक कुलूप उघडते, आणि बंद खोलीतून कोणीतरी दार बडवत राहतं. शेवटचं कोडं असं, की म्हाताऱ्याच्या खोलीला बाहेरून कडी कोणी लावली? उत्तर, मुलीच्या बापाने, लहानपणी. मुलगी त्याला माफ करते आणि बडवणं थांबतं.

भाचीने हे हवेतून आणलं नव्हतं. एका दुपारी खडखडबाईच्या आईचे वडील असेच खोलीत कोंडले गेले, खिडकीतून उतरायला गेले, पडले, आणि महिन्याभरात गेले. कडी दाराच्या पार वरच्या टोकाला. घरात मोठी माणसं नव्हती, होती ती दोन पोरं, आणि हात पोचेल असा एकटा तिचा दादा, म्हणजे भाचीचा बाप. पंधरा वर्षांचा. त्याने एकदा "मी नाही" म्हटलं, थोबाडीत खाल्ली, आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही. त्रेपन्न वर्षं आई त्याच्याशी कामापुरतंही धड बोलली नव्हती.

"रविवारी बाबांना खेळायला बसवणार," भाची म्हणाली होती. "माफ केलं, हे तोंडाने नाही गं सांगता येत, आत्या. खेळताना कळेल त्यांना."

तेव्हापासून खडखडबाईचा पाय एका जागी ठरेना. चहाचं आधण ठेवायची आणि गॅस पेटवायला विसरायची.

शुक्रवारी शेवटचा आवाज उरला, कडीचा. रेकॉर्डिंगच्या खोलीत एक जुनं दार उभं केलं होतं. तिची रीत ठरलेली. नुसता आवाज काढायचा नाही. माणूस जसा आला असेल तसं पहिल्यापासून करायचं. तिने डोळे मिटले. अनवाणी चार पावलं. मग फरशीवरून काहीतरी ओढल्याचा लांब खरखराट. लाकूड कुरकुरलं. आणि खट्ट.

"झकास," काचेपलीकडून भाची म्हणाली. "पण मधे स्टूल कशाला ओढलंस? बाबा ताडमाड. त्यांना काय गरज?"

खडखडबाईने डोळे उघडले. ती स्टुलावर उभी होती.

भाची हसत होती. मग हळूहळू हसायची थांबली.

"नऊ वर्षांची होते मी," खडखडबाई वरूनच म्हणाली. "आजोबा दुपारचे झोपून उठले की मला पाढे म्हणायला बसवायचे. म्हटलं, तासभर राहू देत आत. मी खेळायला गेले आणि विसरले."

"आणि बाबांनी मार खाल्ला तेव्हा?"

"उद्या सांगू म्हटलं. तो उद्या आलाच नाही."

"मी त्यांना माफ करायला निघाले होते," भाची म्हणाली. "मी. आत्या, आधी तू बाबांकडे जाऊन ये. आत्ताच."

दादाचं चष्म्यांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तो एका काडीचा स्क्रू बसवत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"दादा, ऐकतोयस ना?"

"भिंग डोळ्याला लावलंय, कानाला नाही."

"मग बोल काहीतरी. शिव्या तरी दे."

"छोटे, मी कडी लावली नाही हे मला काय सांगतेस? मला ते ठाऊकच आहे. आईला सांग."

"अठ्ठ्याऐंशीची आहे ती. सोसेल तिला?"

"मी पंधराचा होतो," दादा म्हणाला, आणि शटर ओढायला उठला.

आई खडखडबाईकडेच राहायची. खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"आज लवकर? आणि मागे कोण?"

"दादा."

आईने नेहमीसारखं तोंड खिडकीकडे फिरवलं. खडखडबाई तिच्या पायाशी खाली बसली.

"आई, आजोबांच्या दाराची कडी मी लावली. स्टुलावर चढून. त्याने नाही."

आई वळली नाही.

"तो उभा आहे का?" तिने विचारलं.

"हो."

"बसायला सांग त्याला."