वाकलेलं दिसलं, पंगत दिसली नाही

“तुमचा डॉक्टर गेला की ताई,” मोंढ्यातल्या एका हमालानं सांगितलं, तेव्हा मी परतूरला सभेची पत्रकं वाटत होते. आधी हीच माणसं ‘आपला डॉक्टर’ म्हणायची. वैद्यकीय परिषदेनं नोंदणीतून नाव काढून टाकलं आणि ‘आपला’चा ‘तुमचा’ झाला... डॉक्टर जाऊन आता दीडेक महिना झाला. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली. हळहळ फुकट असते. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलाय. तो असेलही. पण नेमीचंद डॉक्टरांना आधी कशानं संपवलं, ते कोणीतरी लिहायला हवं.

मारवाडी घर, पिढ्यान्‌पिढ्या कापसाचा व्यापार. मुलानं गादीवर बसावं ही वडिलांची इच्छा. हा औरंगाबादहून डॉक्टर होऊन आला आणि परतूरच्याच रेल्वे फाटकाजवळच्या एका खोलीत बसला. मला ते लाउडस्पीकर म्हणायचे. “आला का लाउडस्पीकर? हळू बोल बाई, आत पेशंट झोपून राह्यला.” मी चिडले की खुश व्हायचे.

जवळच्या खेड्यातल्या कौसल्याचं पोटाचं ऑपरेशन जालन्यातल्या एका बड्या खासगी दवाखान्यात झालं. ताप हटेना, म्हणून नवऱ्यानं तिला जीपमध्ये घालून नेमीचंद डॉक्टरांकडे आणलं. यांनी पोटाला हात लावला आणि त्याच जीपनं तिला औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं पोटातून कापडाचा बोळा निघाला. कौसल्या वाचली नाही. नवरा ग्राहक मंचात गेला. त्याच्या बाजूनं बोलायला एक डॉक्टर हवा होता, आणि सगळ्या जिल्ह्यात हा एकटा उभा राहिला. त्या दवाखान्याच्या मालकानं परिषदेकडे उलटी तक्रार केली: बाई यांच्याच चुकीच्या औषधांनी गेली. कागद मालकाचे, साक्षीदार मालकाचे. परिषदेनं दोन वर्षांसाठी यांचं नाव काढलं. म्हणजे पेशंट तपासायचा नाही, साधी औषधाची चिठ्ठीही लिहायची नाही. उरलं फक्त अपील.

सुनावणीला मुंबईला मी सोबत होते. अपील समितीचे अध्यक्ष म्हणून कोण यावं? डॉक्टरांचे कॉलेजातले सर. “आज वाकू नका,” मी घाईनं म्हटलं. पण घरचं वळणच तसं; वडीलधारं माणूस दिसलं की बाजारात काय, एस.टी.त काय, चपला काढून पाया पडायचं. माझं वाक्य संपेपर्यंत ते वाकलेही होते. सरांनी डोक्यावर हात ठेवला. “कसा आहेस नेमी?” एवढंच. आत गेल्यावर मालकाचे वकील उठले: ही जवळीक सर्वांनी पाहिली आहे, आता निवाडा निष्पक्ष वाटणार नाही. सर तिथल्या तिथं बाजूला झाले. योग्यच केलं! न्याय देणाऱ्यावर रास्त शंका येत असेल तर त्यानं उठावं, हे मीसुद्धा पत्रकात ठणकावून लिहिलं असतं.

पुढच्या तारखेला नवे अध्यक्ष आले. ते मालकाचे सख्खे व्याही. मालकाची मुलगी त्यांच्या घरात सून. त्या लग्नात अर्धा जिल्हा जेवून आलेला. आमच्या वकिलानं हरकत घेतली. उत्तर मिळालं, इतक्या अनुभवी माणसाच्या सचोटीवर संशय घेणं शोभत नाही. आणि हरकतीवर हा निर्णय दिला कोणी? त्याच व्याह्यांनी!

परतीच्या गाडीत डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. “मी वाकलो ते बराबर दिसलं त्यांना. पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेला कोणाला दिसला न्हाई.”

“हायकोर्टात जाऊ,” मी म्हटलं.

“जाऊ की. तवर लोकांचे ताप थांबतील का?”

अपील फेटाळलं गेलं. मग ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. लेकराला खांद्यावर घेऊन कोणी आलं की लांबूनच म्हणायचे, “दुसरीकडं ने. जल्दी ने...” हात मांडीखाली दाबून ठेवायचे. गावातले दुसरे डॉक्टर त्यांना पाहून रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच ते गेले.

त्या खोलीत आता एक तरुण डॉक्टर बसतो. हुशार आहे. मागच्या आठवड्यात मी एका बाईला त्याच्याकडे नेलं. ऑपरेशन जालन्यातल्या त्याच दवाखान्यातलं, जखम भरत नव्हती. त्यानं हळूच दाबून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

“काय दिसलं, ते लिहून द्या,” मी म्हटलं.

तो बराच वेळ हात धूत राहिला. “औषध देतो ताई. आत्ताच्या आत्ता औरंगाबादला न्या म्हणून सांगतो. लिहून देणार न्हाई.”

“का?”

“मी कोणाच्या खोलीत बसून राह्यलो, ते मला काय ठाऊक न्हाई का?”