कार्डावरची रुक्मिणी

मालवणच्या बाजारात सांतानचं परदेशातून आलेले पैसे देण्याचं दुकान होतं. २००७ सालची ही गोष्ट. फोटोचं ओळखपत्र बघायचं, नाव जुळलं तरच पैसे द्यायचे, त्याची झेरॉक्स फाइलला लावायची आणि फाइल दहा वर्षं जपायची, असा नियम. सांतान पूर्वी तोंडओळखीवर पैसे देऊन टाकी. मग कंपनीचा तपासनीस आला. त्याने झेरॉक्स नसलेल्या पावत्या बाजूला काढल्या आणि पुन्हा असं दिसलं तर दुकान बंद होईल, असा दम भरला. तेव्हापासून सांतान भिऊन होता.

एका सकाळी तुळसा आली. मासे विकणारी, सांतानच्या दारात तिची पाटी रोज उतरे. तिच्या नवऱ्याला, दाजीला, धाप लागली होती. डॉक्टरांनी गोव्याला न्यायला सांगितलं होतं. मुलगा सुदेश शारजाला बोटीवर कामाला. एरवी तो बापाच्या नावावर पैसे पाठवी. बाप अंथरुणावर, म्हणून पहिल्यांदाच त्याने आईच्या नावावर पाठवले, तुळसा म्हणून. तिच्या मतदानाच्या कार्डावर मात्र रुक्मिणी होतं. ते तिचं लग्नात ठेवलेलं नाव. पण माहेर-सासर एकाच वाडीत, त्यामुळे नवऱ्यासकट सगळे तिला तुळसाच म्हणत राहिले. पोराने दुसरं नाव कधी ऐकलंच नव्हतं.

"सांतानबाब, तू माका वळकतंस मां?" तिने विचारलं.

सांतानने नावं जुळत नाहीत म्हणून सांगितलं. सुदेशने तिथून नाव बदलून घ्यायला हवं, असं त्याने तिला समजावलं. फोन लावला, पण बोट समुद्रात होती. मग त्याने गल्ल्यातल्या स्वतःच्या नोटा पुढे केल्या.

"मी मागूक नाय इलंय," ती म्हणाली. "माझ्या झिलाचे पैसे आसत म्हणान इलंय." आणि उठून गेली.

नाव दुरुस्त होऊन आलं तोवर दाजी गेला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर तुळसा आली. तिने कार्ड दिलं, सांतानने झेरॉक्स काढली. पावतीवर एक रकाना राहिला होता : पैसे कशासाठी. तो विचारूनच भरायचा असे. सांतानने न विचारताच हळूच 'घरखर्च' लिहायला घेतलं.

तुळसाला अक्षरओळख नव्हती, पण त्याचा थबकलेला हात तिने पाहिला.

"काय इचारतत?"

त्याने सांगितलं.

"दवाखान्याक म्हणान लिव," ती म्हणाली. "तेना त्याच्यासाठीच धाडल्यान."

सांतानने तसंच लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं.