भगवंतरावाची विलायती हजामत

अमेरिकेत कुठं तरी भाऊ-भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि भाव आला होता आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला. देवाची करणी, दुसरं काय! दोन-तीन हंगामांत आमच्या नांदगावाकडच्या गावांतून बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा वाजायला लागल्या, बायकांच्या पायांत जडशीळ तोडे आले आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात हवा गेली. भगवंतरावाच्या डोक्यात जरा जास्तच गेली, कारण तिथं जागा भरपूर होती.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. काळ्या जमिनीत राबणारा कुणबी. दिवसभर शेत, संध्याकाळी मारुतीचा पार, आणि दाढीची पाळी आली की पुंजाराम न्हाव्यापुढं निमूट मांडी घालून बसणं. पण एकदा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला आणि तिथं तंबूबाहेर एक गोरा साहेब आरशात बघून स्वतःची दाढी स्वतः करताना त्याला दिसला. आम्हाला दिसला असता तर आम्ही हळहळलो असतो, की बिचाऱ्याच्या गावात न्हावी नाही. भगवंतरावाला त्यात मोठेपणा दिसला!

झालं. बाजारात जाऊन विलायती वस्तरा घेतला. हाडाची पांढरी मूठ, पोलादाचं पातळ पातं. दुकानदारानं एक केस हवेत धरून कापून दाखवला, तेव्हा भगवंतरावाचं तोंड जे उघडं पडलं ते गावी येईपर्यंत मिटलं नाही. "किंमत विचारू नका," असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि कुणी विचारायच्या आत सांगून मोकळा व्हायचा.

पुंजाराम वस्तरा-कात्रीची धोपटी घेऊन आला तेव्हा भगवंतराव म्हणाला, "तुह्यं बलुतं तुले भेटन, पुंजाराम. पन माही दाढी आता मीच करीन."

"करा न, मालक," पुंजाराम म्हणाला. "हात तुमचा, गळाही तुमचाच. मले काय?"

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्याकडे दाढी कितीदाही करा, मिशीला हात लागत नाही. मिशी उतरते ती बाप गेला म्हणजे. आणि भगवंतरावाचा बाप किसनराव ऐंशी ओलांडून आतल्या खोलीत बाजेवर खणखणीत होता, तीन वेळा भाकर मागत होता. कापसाला भाव आल्यापासून मात्र त्याला घरात कुणी काही विचारत नव्हतं.

त्यात भगवंतरावाच्या पोरीची, सुभद्राची, सोयरीक ठरत आली होती. मुलाचा बाप तिवश्याचा खुशालराव, सुपारी फोडायला घरी येणार होता. घर चांगलं, मुलगा चांगला, खुशालराव तेवढा महाकठीण. एका घरी कुणी शिंकलं म्हणून, आणि दुसऱ्या घरी दारात रिकामी घागर दिसली म्हणून, गाडी तशीच फिरवून परत गेलेला माणूस. भगवंतरावाची बायको पार्वताबाई आठवडाभर देवापुढं बसून होती. ही सोयरीक हातची जाऊ नये, एवढंच ती देवाला मागत होती.

आणि नेमक्या पाहुणे यायच्या सकाळी या शहाण्यानं वस्तरा पहिल्यांदा बाहेर काढला. पाहुण्यांपुढं साहेबासारखं चकचकीत दिसायचं होतं ना! पण नवं पातं म्हणजे त्याला आधी धार लावलीच पाहिजे, असा शेतकरी हिशेब. विळे घासायच्या दगडावर त्यानं तो खसाखसा घासला. हवेतला केस कापणाऱ्या पात्याला करवतीसारखे दाते आले. मग बैलाच्या पट्ट्यावर फटाफट मारला. साहेबही पट्ट्यावर मारत होता. तो पट्टा कशाचा आणि मारायचा कसा, हे बघायला हा थांबतो कशाला!

गालावरून वस्तरा रक्त काढत आला आणि ओठापाशी अडकला. भगवंतरावानं जोर लावून ओढला. अर्धी मिशी गेली.

"आवो, हे काय केलं वो!" पार्वताबाई किंचाळली.

अर्ध्या मिशीपेक्षा मुळीच नसलेली बरी, असं ठरवून त्यानं उरलेलीही काढली. बाप जिता आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. खुशालराव हसत उतरला आणि भगवंतरावाचा ओठ बघून जागीच थबकला. डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं भगवंतरावाला मिठीच मारली. "अरे देवा! किसनराव गेले! काय देवमानूस होता! माह्या बापाले मेल्या बैलाच्या जागी सोताचा बैल देल्ला होता त्यायनं!"

शेजारी धावले, बायकांनी गळा काढला. भगवंतराव सांगू पाहत होता, पण त्या रडारडीत त्याचं ऐकतो कोण! आत किसनराव हे सगळं ऐकत होता. इतक्या वर्षांत एवढं कौतुक त्याच्या वाट्याला आलं नव्हतं, म्हणून थोडा वेळ त्यानं गप्प राहून ऐकून घेतलं. मग काठी टेकत बाहेर आला. "कोन मेलं रे?"

खुशालराव आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "बाप जिता, अन् मिशी उतरवली? जो मानूस बापाचं मरन आधीच उरकून ठेवते, त्याची पोरगी नाई पाहिजे मले!"

'मला वस्तरा चालवता येत नाही,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सगळं गाव समोर, त्यात पुंजाराम. भगवंतराव छाती काढून म्हणाला, "साहेब लोकायची रीत हाय हे."

"म्हंजे मुद्दाम केलं!" खुशालराव ओरडला. "बैल जुंपा रे!"

दाराआड सुभद्रा हुंदके द्यायला लागली. किसनराव ओट्यावर बसला. "खुशालराव, जराक थांबा. भगवंता, आन थो वस्तरा. माही दाढी कर." मग पाहुण्याकडे बघून म्हणाला, "याच्या मनात माहं मरन असतं, त मी याच्या हाती गळा देल्ला असता काय?"

आणि त्यानं डोळे मिटून मान वर केली.

खुशालराव थांबला. एक दाढी, बस, की सोयरीक वाचत होती. भगवंतरावानं बापाची हनुवटी भिजवली, वस्तरा उचलला. म्हाताऱ्याच्या गळ्याची सैल कातडी, तिच्याखाली उडणारी शीर. त्यानं वस्तरा टेकवला, मागं घेतला, पुन्हा टेकवला. मग तो अंगणात भिरकावून दिला आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा भोकाड पसरून रडला.

"नाई येत मले, बाबा! साहेबाची रीत-बीत काई नाई, मिशी माह्या हातून गेली. सोयरीक मोडली त मोडू द्या, पन तुमच्या गळ्याले हे मी नाई लावनार!"

खुशालरावानं पागोटं परत डोक्यावर ठेवलं. "बैल सोडा रे," तो गडीमाणसाला म्हणाला. "पोरीले बोलवा."

किसनरावानं डोळे उघडले आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"आधी बोलाचं न, लेका. मी काय कमी भेलो होतो!"